अर्ध्या श्वासाची मोट

माझ्या चुलतभावाला कुणी चांगलं म्हटलं की आजही माझ्या उजव्या कुशीत कळ येते. तो जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या छातीवर बैलाने पाय दिलेला नसतो. मी बोलणार आहे.

आमचं गाव दिंद्रुडपासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं, म्हणजे सरकारचा कागद उर्दूत यायचा आणि तो पाटील वाचून दाखवील तेव्हा आम्हांला कळायचा. विहिरीवर मात्र निजाम नव्हता, पाटीलही नव्हता, तिथे पाळी होती. आज्याने खोदलेली एक विहीर, तिच्यावर एकच चाक, आणि वाटेकरी दोन: मी आणि माझा हा चुलतभाऊ. चार दिवस तो मोट हाकायचा, चार दिवस मी. बैल आणि मोट ज्याची त्याची, नाडा तेवढा सामाईक. नाडा म्हणजे मनगटाएवढा जाड दोर. त्याचं एक टोक विहिरीतल्या कातड्याच्या मोटेला आणि दुसरं बैलांच्या जुवाला. बैल उताराची धाव उतरू लागले की मोट भरून वर येते, आणि मोटकरी त्या ताणलेल्या नाड्यावर बसून बैलांबरोबर खाली जातो, म्हणजे त्याचंही वजन कामाला येतं. मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडीत, उलटी झाली की बैल पाठमोरे धाव चढतात. दिवसभर हेच.

तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. बांधावरच्या बाभळीची एक फांदी त्याने मला न विचारता नांगरासाठी तोडली होती. झाड निम्मं माझं होतं. तोडलेली फांदी नेमकी माझ्या निम्म्यातली होती, हे मी आजही शपथेवर सांगतो. लोक म्हणायचे, एका फांदीपायी भाऊबंदकी कशाला? अरे, भाऊबंदकी झाडापायी होतच नाही, ती फांदीपायीच होते.

बोलणं बंद असलं तरी पाळीचा एक नेम आम्ही पाळायचो, तो आज्याच्या वेळेपासूनचा होता. ज्याची पाळी संपली त्याने जाताना सगळा नाडा हाताखालून घालायचा. कुठे पीळ सुटलेला, तंतू विरलेला लागला, तर तिथे लाल चिंधी बांधून ठेवायची. पुढच्या पाळीवाल्याला चिंधी दिसली की त्याने आधी नाडा सांधायचा, मग मोट धरायची. न बोलणाऱ्या भाऊबंदांसाठी याच्यापेक्षा सोयीची रीत कुणी काढली नसेल.

मी तिशीच्या आतला होतो, आणि माझ्या छातीचा मला गर्व होता. मी बैलांना चाबूक कधी लावला नाही. माझी जोडी गाण्यावर चालायची. मी लहानपणापासून म्हणत आलेलं एकच गाणं होतं:

चल माज्या लेका, जोडीच्या एका, उतरून जा रं धाव,
कांद्याच्या वाफ्याला, तहानल्या पातीला, पान्याची लागली हाव.

पहिल्या ओळीला अर्धी धाव, दुसऱ्या ओळीला उरलेली अर्धी, आणि मध्ये श्वास घ्यायचा नाही. ‘हाव’ लांबवला की मोट थारोळ्याशी पोचलीच समजा. गाणं थांबलं की बैल थांबायचे. ही त्यांना मीच लावलेली खोड. त्यांच्यासाठी गाणं हाच कासरा होता. पंचक्रोशीतले लोक ऐकायला थांबायचे, असं मी म्हणत नाही, पण थांबायचे.

त्या वर्षी माघात माझा कांदा ऐन भरात होता. माझ्या पाळीचा पहिला दिवस. सकाळपासून सात-आठ मोटा झाल्या असतील. पुढच्या खेपेला दुसऱ्या ओळीच्या मध्यावर नाडा तुटला. मी त्यावर बसलेला; फेकला गेलो तो थेट धावेच्या कडेच्या दगडावर. ओढ एकदम सुटल्याने बैल गुडघ्यांवर पडले, धडपडत उठले, आणि उजव्या हाताच्या बैलाचा मागचा पाय माझ्या छातीवर पडला. मला आवाज ऐकू आला. वाळलेली तुरीची काटकी मोडावी तसा, तीनदा की चारदा.

दुखणं नंतर आलं. आधी श्वास गेला. तोंड उघडं, डोळे उघडे, वर आभाळ स्वच्छ, आणि आत हवा येईना. मला वाटलं, एवढं सगळं आभाळ भरून वारं आहे आणि त्यातलं घोटभर मला मिळू नये? मग थोडं आत आलं, चोरून आल्यासारखं. त्यानंतर माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

मला खाटेवर घालून घरी आणलं. बायकोने बंडी सोडली आणि तोंडाला पदर लावला. उजव्या कुशीवर तळहाताएवढी जागा उलटी चालत होती. मी श्वास घेतला की सगळी छाती वर यायची आणि तेवढी जागा आत जायची. सोडला की छाती खाली आणि ती जागा वर. माझ्याच अंगाचा एक तुकडा माझ्याशी वैर धरून बसला होता. भाऊबंदच म्हणायचा तो.

दिंद्रुडहून हाडं बसवणारा आणला. मोठा माणूस, हातगुणाचा, त्याच्या हाताखालून पाय मोडलेले कितीतरी चालत गेले होते. त्याने अंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लेप दिला, वरून बांबूच्या कामट्या लावल्या आणि माझाच पटका काढून माझ्या छातीभोवती आवळला. गाठ मारताना त्याने गुडघा माझ्या कुशीला लावून ओढ दिली, गाडीवर कडब्याच्या पेंढ्या आवळतात तशी. मग बोट वर करून म्हणाला, "हालायचं न्हाई. हासायचं न्हाई. खोकायचं तर बिलकुल न्हाई. खोकला आला तर गिळायचा. हाड हाललं की कामातून गेलं."

मोडलेला पाय आवळून बांधावा, हे खरं. पण पायाने माणूस श्वास घेत नाही, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हांलाही नव्हतं. मी आज्ञा पाळली. खोकला गिळला. वरवरचा, नखाएवढा श्वास घेत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि छातीतून हुक्क्यात पाणी गुडगुडावं तसा आवाज यायला लागला.

विचारपूस करायला गाव लोटलं. त्या लोकांचा मला जेवढा संताप आला तेवढा बैलाचाही आला नाही. एकेक जण खाटेशी बसायचा, मोठा सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, "कसंय आता?" एवढा मोठा सुस्कारा! मी त्यांच्या नाकपुड्या बघत राहायचो. श्वास एवढा उधळायला यांच्या बापाचं काय जातं, असं वाटायचं. एकाने तर खाटेवर बसून जांभई दिली. त्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही.

पण सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगितली. दोन-दोन शब्दांवर थांबत, पण सांगितली: नाडा तुटला तेव्हा नाड्यावर चिंधी नव्हती. लोक जाऊन बघून आले. तुटल्या जागी तंतू जुने, काळे पडलेले, विरलेले दिसत होते, आणि चिंधी नव्हती. झालं, तेवढं गावाला पुरलं. चुलतभाऊ म्हणाला, "म्या बांदली व्हती." त्याचं कोण ऐकतो?

दरम्यान कांदा वाळत होता. आमच्या घरी त्या वर्षी कांद्याशिवाय दुसरं काही उभं नव्हतं, ज्वारी किडीने नेली होती. शेजारच्याने नवा नाडा लावून माझी जोडी जुंपली. बैल हलेनात. त्याने "हो हो" केलं, चुचकारलं, शेवटी चाबूक काढला, तर उजव्या हाताचा धावेवरच बसला. शेजारी घरी येऊन बायकोला म्हणाला, "वैनी, ह्यो बैल न्हाई, जावई हाय. गाणं लागतंय त्याला."

पाळीचा तिसरा दिवस उलटला. त्या संध्याकाळी चुलतभाऊ आमच्या अंगणात आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे न बघता, तुळशीकडे बघत, तो माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, म्या हाकतो तुमची मोट. कांदा जाईल वाळून. ते गाणं तेवढं शिकवा म्हनावं मला. लांबून ऐकलंय, पर सगळं येत न्हाई."

ती माझ्याकडे वळली. मी बोट हलवून नाही म्हटलं.

"आवो, कावून न्हाई? पोराबाळांनी खायाचं काय?"

मी पुन्हा बोट हलवलं. कांदा वाळला तरी चालेल, माझं गाणं त्याच्या तोंडात जायचं नाही. एक फांदी नेली होती, आता गाणं नेणार? तोंडाने हे सगळं सांगण्याइतका श्वास नव्हता, म्हणून बोटच हलवत राहिलो. ती पुन्हा अंगणाकडे वळली. मग म्हणाली, "भावजी, तुमी जावा घरी." तो गेला. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी, माझ्या पाळीच्या शेवटच्या सकाळी, ताप इतका होता की कौलं हलताना दिसत होती. श्वास आता गळ्यापर्यंतच जात होता, ओठ सुकून चिकटले होते. बायको घरात नव्हती. आणि मळ्याकडून चाकाचा कुरकुर आवाज आला. त्यामागून गाणं.

चल माज्या लेका, जोडीच्या एका.

माझं गाणं. त्याच्या त्या फाटक्या आवाजात. कुठे लांबवायचं तिथे आखूड, कुठे आखूड करायचं तिथे रेडा रेकावा तसं लांब. दोन ओळींच्या मध्ये चांगला पोटभर श्वास घेऊन! आणि माझे बैल, माझ्या हातचं खाल्लेले बैल, त्या रेकण्यावर चालत होते. थारोळ्यात पाणी पडल्याचं मी ऐकलं. तिने त्याला गाणं शिकवलं होतं. माझ्या पाठीमागे, मी खाटेवर मरत पडलेला असताना.

मला त्याला शिवी द्यायची होती. आईवरून नव्हे, त्याची आई म्हणजे माझी चुलतीच. दुसरी एक होती, चांगली लांबलचक, मी तीन वर्षं राखून ठेवलेली. पण शिवीला श्वास लागतो, आणि पटका श्वास देईना. मी डाव्या हाताने गाठ धरली, ती सुटेना, तेव्हा दातांत धरून ओढली. कामट्या खाली पडल्या. मी उरलं होतं तेवढं बळ लावून छाती भरली आणि तोंड उघडलं.

शिवी आलीच नाही, खोकला आला. चार दिवसांचा गिळलेला खोकला एकदम आला. प्रत्येक ठसक्याला कुशीत सुरा फिरत होता. मी उशी उराशी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि खोकत राहिलो. विटकरी रंगाचा गोळा पडला, मग दुसरा, मग घट्ट, चिकट काहीतरी, थुंकताना न तुटणारं. बायको धावत आली ती मी गेलोच असं समजून हंबरडा फोडत. मी तिला हाताने गप्प केलं. कारण खोकल्याच्या मागून हवा आली होती. खालपर्यंत. दुखत, पण खालपर्यंत.

पुढे वर्षभराने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरने माझी छाती ठोकून पाहिली. कहाणी ऐकून म्हणाला, "पट्टी किसने खोली?"

"मैंच खोल्या, साब."

"कायकू?"

"गुस्सा आया."

तो हसला. "गुस्से ने बचाया तुमना. नै खांसते तो बलगम अंदरच सड जाता. मर जाते."

म्हणजे कफ सुटून मी वाचलो तो चुलतभावाच्या बेसूर गाण्याने. हे ऐकून मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याला भाऊबंद नसावेत.

मी उठून बसता झालो तेव्हा मारुतीच्या पारावर पंच बसले. मी बेलभंडार उचलला आणि शपथ घेतली: नाडा तुटला तेव्हा चिंधी नव्हती. चुलतभावानेही उचलला: पाळी सोडताना चिंधी बांधली होती. दोन शपथा समोरासमोर उभ्या राहिल्या. पण माझी छाती वाकडी झालेली सगळ्यांना दिसत होती आणि त्याची चिंधी कुणालाच दिसत नव्हती. पंचांनी ठरवलं की यापुढे त्याने पाळी सोडताना नाडा एकट्याने तपासायचा नाही. तिसरा माणूस बोलवायचा, त्याच्या हाताखालून सगळा नाडा घालून दाखवायचा, त्याने मान डोलावली की जायचं. दर आठ दिवसांनी एकदा, गावाच्या डोळ्यांदेखत. आज्याच्या विहिरीवर, आज्याच्या नातवाने. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर टोमणे बसायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

चैत्रात मी पुन्हा मोट धरली. आवाज निघाला, पण श्वास पहिल्या ओळीला संपला. ‘धाव’ म्हटलं आणि आत काही उरलंच नाही. गाणं थांबलं, तसे बैल थांबले. बरोबर धावेच्या मध्यावर, मोट विहिरीत अधांतरी, पाणी वरून गळतंय. मी नाड्यावर बसून धापा टाकतोय. बैलांची काय चूक? त्यांना हेच शिकवलं होतं.

आणि बांधापलीकडून आवाज आला.

कांद्याच्या वाफ्याला, तहानल्या पातीला.

तो त्याच्या रानात खुरपत होता. वर बघितलंही नाही त्याने. बैल चालले, मोट थारोळ्यात रिकामी झाली. पुढच्या खेपेला मी दुसरी ओळ स्वतः म्हणायचा हट्ट धरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, बैल थांबले. पुन्हा तिकडून ओळ आली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि नंतर पुढे सतरा वर्षं. माझ्या पाळीत तो हटकून बांधालगतचं काम काढायचा. मी अर्धी धाव म्हणायचो, उरलेली अर्धी तो. बोललो आम्ही एकदाही नाही. मी त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचो आणि त्याच्या ओळीची वाट बघायचो. बैलांची ती जोडी म्हातारी झाली, नवी आली; नवीही आमच्या दोन आवाजांवरच शिकली.

तो ओळ म्हणायचा तेव्हा मला त्याचा जास्तच राग यायचा. आता त्याचं कारण सांगतो.

चिंधी होती.

त्या दिवशी सकाळी मी ती पाहिली. लाल, नवी कोरी, दोन गाठींची. मला वाटलं, हा मुद्दाम करतो आहे. नाडा चांगला आहे, चिंधी बांधून सांधायचं काम माझ्या गळ्यात घालतो, माझी सकाळ घालवतो. फांदी तोडणारा माणूस दुसरं काय करणार? मी चिंधी सोडली, बंडीच्या खिशात कोंबली आणि मोट धरली. नाडा तुटला तेव्हा चिंधी नव्हती, ही माझी शपथ शब्दाला शब्द खरी होती. छातीवरची बंडी बायकोने धुवायला नेली तेव्हा खिशातली चिंधी तिला सापडली. चिंधी तिने भिंतीतल्या देवळीत दिव्याच्या मागे ठेवून दिली, आणि चौथ्या दिवशी पहाटे जाऊन त्याला गाणं शिकवलं. पंचांपुढे मी बेलभंडार उचलला तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती.

चुलतभाऊ तापाने गेला, आठवड्यात. तो आजारी असताना मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हणायचो. अंगणापर्यंत जायचं आणि एक वाक्य बोलायचं, तेवढा श्वास माझ्याकडे होता. गेलो तो तिरडी बांधल्यावर. भाऊबंद म्हणून खांदा द्यायला पुढे झालो, चार पावलांवर धाप लागली, तेव्हा मागच्याने तिरडी घेतली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमी. तुमची छाती न्हाई ना धड. ह्याच्याच पायी." प्रेताकडे बोट करून म्हणाला तो. मी तेव्हा तरी बोलावं की नाही? बाजूला होऊन उभा राहिलो.

दहावं झालं आणि माझी पाळी आली. पहाटे देवळीतून चिंधी काढली. रंग उडून ती मातकट झाली होती. ती खिशात घालून विहिरीवर गेलो, बैल जुंपले, मोट बुडवली, नाड्यावर बसलो आणि म्हटलं, चल माज्या लेका, जोडीच्या एका, उतरून जा रं धाव.

बैल मध्यावर थांबले. दोघांनी कान बांधाकडे केले. मीही तिकडे बघत राहिलो. तिकडे त्याचं खुरपं बाभळीला अडकवलेलं होतं, तसंच. मोटेतलं पाणी विहिरीत ठिबकत होतं, ते सगळं ऐकू येत होतं. मी छाती भरायला गेलो, श्वास नेहमीच्या जागी अडला. "चिंदी व्हती," मी म्हणालो. तेवढंच बसलं त्या श्वासात. बैल हलले नाहीत. शेवटी मी नाड्यावरून उतरलो, जू धरून त्यांना मागं रेटलं आणि भरलेली मोट तशीच परत विहिरीत सोडली.